शाळेत वीजबचत शिकवताना या चुका टाळा

१४ डिसेंबरचा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन बहुतेक शाळांत घोषवाक्ये, प्रभातफेरी आणि चित्रकला स्पर्धा यांवर पार पडतो. या उपक्रमांत गैर काहीच नाही. परंतु वीज मोजायला न शिकवता ती वाचवायला सांगणे ही सर्वांत मोठी चूक होय. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते, एवढे सातवीच्या मुलांना सहज उमगते. एका वर्गात ७५ वॅटचे चार पंखे आणि २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब असतील, तर भार ३८० वॅट होतो. मधल्या सुटीचा अर्धा तास हे सर्व रिकाम्या वर्गात चालू राहिल्यास ०.१९ युनिट जाते आणि अशा बारा वर्गांत मिळून दिवसाला २.२८ युनिट. हा हिशेब फळ्यावर मुलांनी स्वतः मांडावा.

मोजमाप नसले की क्षुल्लक गोष्टींचा बाऊ होतो. मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये राहू नये हे खरे. पण रिकामा चार्जर पाव वॅट घेतो असे धरले, तरी तो वर्षभर तसाच राहून जेमतेम २.२ युनिट खातो, म्हणजे बारा वर्गांच्या एका मधल्या सुटीइतकेच.

पंख्याचा वेग कमी केला की वीज वाचते, हेही सरसकट शिकवू नये. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर ते खरे आहे. जुन्या डबा पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये मात्र विजेचा बराच भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. डबा गरम लागतो तो त्यामुळेच.

कित्येकदा मुले प्रामाणिकपणे बटणे बंद करतात, तरी वापर घटत नाही. अशा वेळी त्यांना दोष देण्याआधी शाळा सुटताना आणि दुसऱ्या दिवशी भरताना मीटरचे रीडिंग घ्यावे, म्हणजे रात्रीचा वापर वेगळा कळतो. त्याचे मूळ बहुधा वॉटर कूलर, संगणक कक्षातील यूपीएस, दिवसाही जळणारा आवारातला दिवा किंवा टाकी भरून वाहिली तरी चालू राहिलेला पंप यांपैकी एकात सापडते; एक अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे एक युनिट घेतो. वर्गातील अडचण याहून साधी असते : कोणते बटण कोणत्या पंख्याचे हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे एक बंद करायला मुले सगळी बटणे दाबून पाहतात. बटणांवर आणि पंख्यांवर एकसारखे क्रमांक रंगवल्यास हा घोळ मिटतो.

परिणाम तपासतानाही गफलत होते. दिवाळीच्या सुटीचा महिना आधीच्या महिन्याशी ताडून बचत झाली असे जाहीर करणे निरर्थक आहे. मागील वर्षीचा तोच महिना घ्यावा, आणि तोही रुपयांत नव्हे तर युनिटमध्ये, कारण स्थिर आकार वापर घटला तरी भरावाच लागतो. बिल सरासरी रीडिंगचे, म्हणजे मीटर न वाचता अंदाजाने काढलेले नाही ना, हेही पाहावे. छतावर सौर पॅनेल असल्यास नेट मीटरिंगमुळे (पॅनेलची बाहेर पाठवलेली वीज वापरातून वजा होत असल्याने) बिलातील युनिट म्हणजे शाळेचा एकूण वापर नव्हे.

बचतीच्या उत्साहात पावसाळी अंधारात ट्यूब बंद ठेवून मुलांना वाचायला लावू नये. मीटरचे आकडे त्यांनी शिक्षकांसोबत आणि हात न लावता टिपावेत. तुटलेले बटण अथवा उघडी तार दिसल्यास ती मुख्याध्यापकांना कळवून वीजतंत्रीकडूनच दुरुस्त करून घ्यावी.