नसबंदी झाली, तरी कंडोमचं पाकीट फेकू नका

टेबलावरून उतरलो आणि वाटलं, सुटलो. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "अजून तीन महिने कंडोम." घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मग आज केलं काय?"

केलं इतकंच, की दोन्ही शुक्रवाहिन्या, म्हणजे वृषणातून शुक्राणू नेणाऱ्या नळ्या, कापून बंद केल्या. तेवढ्या भागापुरती भूल, टोकदार चिमट्यानं पाडलेलं एक बारीक भोक, टाका नाही. ही बिनटाक्याची पद्धत १९७४ मध्ये चीनमध्ये निघाली. पण कापलेल्या जागेच्या पुढे जुने शुक्राणू शिल्लक असतात; ते निघून जायला आठवडे लागतात, वीसेक वेळा वीर्यपतन व्हावं लागतं. म्हणून खरा निकाल वीर्यतपासणीचा. नमुन्याची बाटली मी शर्टाच्या आत, पोटाशी धरून नेली. तो तासाभरात, अंगाच्या उबेत पोचलेला बरा.

पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ आणि घट्ट चड्डी. आठवडाभर वजन उचलायचं नाही. मी तिसऱ्या दिवशी धाकटीला कडेवर घेतलं आणि रात्रभर ठणकत बसलो. ताठरता, इच्छा यांत फरक पडत नाही, कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन त्या नळीतून नाही, रक्तातून जातं. नळ्या परत जोडता येतात, पण मूल होईलच याची खात्री नाही. मन डळमळत असेल तर थांबा.

कंडोम सरसकट वापरात वर्षाला शंभरातल्या तेरा जोडप्यांना दगा देतो, दर वेळी नीट वापरला तर दोनच जोडप्यांना. फरक सगळा हाताचा. टोक चिमटीत धरून हवा काढा, बाहेर येताना कड धरा, लेटेक्सला तेल लावू नका. आयत्या वेळी बाहेर काढण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांत हाच आकडा वीसच्या आसपास आहे. लैंगिक आजारांपासून बचाव मात्र फक्त कंडोमच करतो.

पुरुषांसाठीचे पुढचे गर्भनिरोधक उपाय अजून चाचण्यांतच आहेत. रोज खांद्यांना चोळायचं हार्मोनचं जेल आहे. 'अ' जीवनसत्त्वाचा वृषणातला मार्ग अडवणारी, हार्मोन नसलेली वायसीटी-५२९ गोळी आहे. आयआयटी खरगपूरच्या सुजॉय गुहांचं, शुक्रवाहिनीत द्यायचं रिसग इंजेक्शनही आहे. त्याची ३०३ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आहे. जेल काय, गोळी काय, लगेच लागू पडणार नाही: एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, आणि रांगेतले आधी संपावे लागतात.

तोवर कुणी ऑनलाइन 'पुरुषांची गर्भनिरोधक गोळी' विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.