प्रेक्षक चित्रापुढे थांबावा म्हणून काय करावं?

कलासंग्रहालयात लोक आणणं जाहिरातीनं जमतं; आलेल्या माणसाला चित्रापुढे थांबवणं हे खरं काम. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका कलाकृतीपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबले; निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले. त्यामुळे भिंतभर प्रोजेक्टर लावायच्या आधी चित्राशेजारची पाटी नीट करा. खर्च किरकोळ, आणि फरक लगेच कळतो.

मजकूर ५० ते ७५ शब्दांत बसवा. पहिल्याच वाक्यानं नजर चित्राकडे गेली पाहिजे. डच चित्रकार व्हर्मीरच्या 'मिल्कमेड' (दूध ओतणारी बाई) या चित्राशेजारी 'सतराव्या शतकातील डच चित्रकलेचा उत्कृष्ट नमुना' असं लिहिलं, की वाचणारा मान डोलावून पुढे जातो. त्याऐवजी 'मागच्या भिंतीवरचा खिळा सापडला का? त्याची सावलीही रंगवली आहे' असं लिहून बघा. खिळा शोधता शोधता भिंतीतली भोकं दिसतात, खाली कोपऱ्यातली पाय शेकायची पेटी दिसते. चित्रकाराचं चरित्र आणि शैली शेवटच्या एक-दोन वाक्यांत उरका.

अक्षर किमान १८ पॉइंटचं, कागद बिनचकाकीचा. पाटीचा मध्य जमिनीपासून साधारण १३७ सेंमीवर ठेवा, म्हणजे व्हीलचेअरवरूनही वाचता येतं. कागदावरची चित्रं ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद उजेडात ठेवावी लागतात; तिथे अक्षर आणखी मोठं हवं. पक्की छपाई करण्याआधी साधी प्रिंट चिकटवा आणि बाजूला उभं राहून वीसेक जणांकडे बघा. वाचून झाल्यावर मान पुन्हा चित्राकडे वळत नसेल, तर पहिलं वाक्य बदला.

प्रेक्षकांच्या गटाला चित्र दाखवणाऱ्या गाइडला तीन प्रश्न पुरतात: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? दहा-पंधरा जण, एका चित्राला पंधरा मिनिटं. बोलणाऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडा आणि तो म्हणतो ती जागा चित्रावर बोटानं दाखवा (स्पर्श न करता, अर्थातच). 'बरोबर!' म्हणायचा मोह आवरा. एकाला शाबासकी मिळाली, की बाकीचे गप्प होतात. उत्तर गाइडकडे आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं.

क्यूआर कोड बहुधा फसतात ते साध्या कारणांनी: जाड भिंतींमुळे नेटवर्क नाही, किंवा कोड उघडतो थेट संग्रहालयाचं मुखपृष्ठ. मोफत वायफाय द्या, कोड त्याच चित्राच्या पानावर न्या, नोंदणी मागू नका, ऑडिओ दीड मिनिटाच्या आत संपवा. फ्लॅशशिवाय फोटो काढू द्या. उसन्या आणलेल्या कलाकृतींवर मात्र बंदीची स्पष्ट खूण हवी, नाहीतर दिवसभर सुरक्षारक्षकांशी हुज्जत चालते.

आणि बसायला बाक ठेवा, चित्राकडे तोंड करून. पाय दुखायला लागले की उत्तम पाटीही कोणी वाचत नाही.