पिवळा रंग येईपर्यंत

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी चांदीचे नॅनोकण घेतले, कारण सीनिअर म्हणाला होता, "तासाभराचं काम आहे." खोटं नव्हतं ते. फक्त त्याआधीचे तीन आठवडे भांडी धुण्यात गेले.

पहिल्याच दिवशी बीकरमध्ये सिल्व्हर नायट्रेट ओतलं आणि पाणी दुधाळ झालं. वाटलं, झाले कण! फोटोसुद्धा काढला. निघालं सिल्व्हर क्लोराइड. बीकर शेवटी नळाखाली विसळला होता, तेवढं क्लोराइड पुरलं. शेवटची विसळणी डिस्टिल्ड वॉटरनेच करा. हातमोजेही घाला, नायट्रेटचे काळे डाग साबणाला दाद देत नाहीत.

नवख्याने बोरोहायड्राइडची पद्धत धरावी; ते नायट्रेटमधल्या चांदीच्या आयनांचे अणू करतं. 2 मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड 30 मिली, बीकर बर्फात, स्टरर चालू. वरून 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट 10 मिली, सेकंदाला साधारण एक थेंब. बोरोहायड्राइड ऐनवेळीच करायचं, पाण्यात ते हायड्रोजन सोडत संपत जातं. दोनेक मिली पडलं की फिकट पिवळी झाक दिसते, सगळं पडल्यावर रंग खुलतो. तिथेच स्टरर बंद! मी "अजून नीट मिसळू दे" म्हणून चहाला गेलो. परतलो तर बीकरमध्ये राखाडी पाणी.

कण कसे तयार होतात याची लामेर यांची 1950 सालची आकृती पुस्तकात असते: अणू साचतात, मर्यादा ओलांडली की एकदम बीजं तयार होतात, मग त्या बीजांवरच अणू बसत जातात. ती मुळात गंधकाच्या कणांवरून काढलेली. चांदीत चिमुकले कण एकमेकांत मिसळूनही मोठे होतात. बोरोहायड्राइड कणांवर ऋण प्रभार ठेवून त्यांना लांब धरतं. ते आवरण ढळलं की कण गुठळ्या करतात. माझं राखाडी पाणी म्हणजे वाढ नव्हे, गुठळ्या. तोंडी परीक्षेत इथेच अडकवतात.

सायट्रेटची गोष्ट वेगळी. ली आणि मायझेल यांच्या 1982 च्या कृतीत 500 मिली पाण्यात 90 मिलिग्रॅम नायट्रेट उकळतात आणि 1 टक्का सायट्रेट 10 मिली घालून तासभर उकळत ठेवतात. सायट्रेट बोरोहायड्राइडचंच काम करतं, पण मवाळपणे, म्हणून सगळी बीजं एका दमात पडत नाहीत. कण लहानमोठे निघतात, मधूनच एखादी कांडीही. प्रकाशशोषणाच्या आलेखाचं शिखर 420 नॅनोमीटरच्या आसपास. बोरोहायड्राइडचं 400 च्या जरा अलीकडे, आणि अरुंद.

यूव्हीला, म्हणजे हा आलेख काढणाऱ्या यंत्राला, लावण्याआधी नमुना पाचपट पातळ करा. मी केला नव्हता. आलेखाचं डोकं सपाट आलं आणि गाइडनी विचारलं, "हे शिखर आहे की पठार?"