एमआरएसए: वॉर्डात रोज दिसणाऱ्या या चुका टाळा

ऑपरेशननंतर जखमेतून पू आला की आपल्याकडे आधी सेफ्ट्रायॅक्सोन सुरू होतं. ताप उतरला नाही की मेरोपेनेम. 'हेवी अँटिबायोटिक' चालू झालं म्हणून घरच्यांनाही धीर येतो. पण जंतू एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस (स्टॅफिलोकोकस ऑरियस), असेल तर या दोन्हींचा काडीचाही उपयोग नाही. मेकए जनुकामुळे त्याच्याकडे वेगळंच प्रथिन तयार होतं आणि ही औषधं त्याला धरतच नाहीत. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ साली वापरात आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडात त्याला दाद न देणारा जंतू सापडलासुद्धा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) न घेता औषध टोचणं. खानापूरकडचे एक आजोबा दुसरीकडे मांडीत प्लेट बसवून आमच्याकडे आले. तिथे आधी अँटिबायोटिक दिलं होतं आणि मग ड्रेसिंगवरूनच स्वॅब फिरवून पाठवला होता. रिपोर्टात त्वचेवरचे नेहमीचे जंतू. त्या कागदाच्या भरवशावर तेच औषध चालू राहिलं. इकडे मांडी तापलेली, संध्याकाळ झाली की थंडी वाजून दात वाजायचे. आमच्या सर्जननी जखम उघडली, पू काढला, आतल्या मांसाचा तुकडा निर्जंतुक डबीत पाठवला आणि दोन्ही हातांतून रक्ताची कल्चर घेतली. सगळीकडे एमआरएसए. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं दिली असती तर आजोबांचे हाल वाचले असते. मुलगा ऐन ऊसतोडीत शेत सोडून कॉटशेजारी बसून होता.

माझी सवय अशी, की कल्चरच्या बाटल्या पहिल्या डोससोबत एकाच ट्रेमध्ये ठेवायच्या. बाटल्या भरल्याशिवाय इंजेक्शन लोड करायचं नाही. मोठ्या माणसाच्या बाटलीत आठ-दहा मिली रक्त हवंच. पेशंट फारच खालावलेला असेल तर हात भराभर चालवा, पण क्रम बदलू नका.

रक्तात स्टॅफ ऑरियस सापडला तर 'कंटॅमिनेशन असेल', बाहेरून मिसळला असेल, म्हणून कधीही सोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी कल्चर करा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. औषधाचे किमान १४ दिवस मोजायचे ते पहिल्या स्वच्छ कल्चरपासून. आत पू साठलेला असेल तर तो काढल्याशिवाय कुठलंही औषध पुरं पडत नाही.

दुसरी चूक ग्लोव्हजची. नवीन मुलं सकाळी एक जोड चढवतात आणि त्याच जोडीने ड्रेसिंग, सलाईन, बीपीचा पट्टा, वर मोबाईलसुद्धा. त्यांचे हात स्वच्छ राहतात आणि जंतू कॉट नंबर चारवरून पाचवर जातो. हँडरब चोळायला वीस-तीस सेकंद लागतात, हात कोरडे होईपर्यंत. 'सिस्टर, गर्दी आहे' हे कारण मी ऐकून घेत नाही. गर्दीतच तर हा पसरतो.

व्हँकोमायसिन (एमआरएसएवरचं इंजेक्शन) झटकन ढकलू नका, एक ग्रॅमला किमान एक तास द्या. अंग लाल होऊन खाज सुटली तर थांबवा, डॉक्टरांना दाखवा; बहुतेकदा वेग कमी करून भागतं, लगेच 'अ‍ॅलर्जी' लिहू नका. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत राहा. लिनेझोलिड (हेही एमआरएसएवरचंच औषध) चालू असेल तर दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, प्लेटलेट उतरतात. तिसरं औषध डॅप्टोमायसिन, ते न्यूमोनियात नको. आणि रिपोर्टात साधा एमएसएसए (मेथिसिलिनला दाद देणारा स्टॅफ ऑरियस) आला तर व्हँकोमायसिन 'भारी' म्हणून चालू ठेवू नका, सेफॅझोलिन त्याहून चांगलं काम करतं.

शेवटची चूक खास आपल्या भागातली. चिकोडी-निपाणीचा पेशंट इथून सुटतो आणि पुढच्या तक्रारीला कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो. कल्चरचा रिपोर्ट इथल्या फाइलमध्येच राहतो आणि तिकडे पुन्हा सेफ्ट्रायॅक्सोनपासून सुरुवात. मी डिस्चार्ज कार्डावर लाल पेनने एमआरएसए लिहिते, रिपोर्टचा फोटो घरच्या दोघांच्या मोबाईलमध्ये काढून घ्यायला लावते आणि ज्याला जी येते त्या भाषेत, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, सांगते: कुठल्याही दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेण्याआधी हा फोटो दाखवायचा.