ठळक कडा दिसली म्हणजे शॉक नव्हे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दीर्घिकांचे गट हा विषय घेतला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "गोंयात चार महिने पाऊस, तुला आकाश दिसणार कधी?" पण या विषयाला आपलं आकाश लागतच नाही. गटातला वायू साधारण एक कोटी केल्व्हिन इतका तापलेला असतो, तो क्ष-किरणांत झळकतो आणि क्ष-किरण वातावरणातच अडतात. म्हणून दुर्बीण अवकाशात. १९९९ साली सोडलेल्या चंद्रा वेधशाळेचा जुना डेटा आणि तो हाताळायचं चाओ (CIAO) सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात. डिचोलीच्या घरी लॅपटॉपवर मी सगळं केलं.

मी घेतला एनजीसी ५०४४ या दीर्घिकेभोवतीचा गट. प्रतिमा थोडी मऊ केल्यावर एक कडा उठून दिसली: आत उजळ, बाहेर एकदम फिकी. दोन गट आदळल्याचा शॉकच, म्हणजे वायूतली धक्का-लहर, सापडली, असं वाटून मी अहवालात तसं लिहूनही टाकलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "आतली बाजू गरम की थंड?" मी मोजलंच नव्हतं.

नव्याने येणाऱ्यांनी इथे थांबावं. शॉकमध्ये दाबला गेलेला, दाट वायू जास्त गरम असतो. शीत सीमा ही दुसऱ्या प्रकारची कडा, तिच्यात उलट: दाट बाजू थंड, आणि दाब दोन्हीकडे जवळपास सारखा. शेजारून एखादी दीर्घिका गेली की गाभ्यातला वायू, कमरेवरच्या कळशीतलं पाणी हिंदकळावं तसा हलतो, आणि अशा सीमा तयार होतात.

चवथीच्या आदल्या दिवशी बाहेरच्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधणं चाललं होतं, आणि मी तापमान मोजायला कडेच्या दोन्ही बाजूंचे वर्णपट काढत होते. आतली बाजू थंड निघाली. अहवालातलं ते पान मी पुन्हा लिहिलं.

खरा शॉक बघायचा तर स्टीफनचं पंचक हा दीर्घिकांचा गट उघडा. तिथे एनजीसी ७३१८बी ही दीर्घिका सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने गटातल्या वायूत घुसते आहे.

आणखी एक, वायूतल्या लोहाच्या प्रमाणाचं. तेही वर्णपटावरूनच काढतात. वायू एकाच तापमानाचा धरून मॉडेल बसवलं तर लोह खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दोन तापमानं घालून पाहा. माझा आकडा तेव्हाच वर सरकला.