शाळापूर्व तयारी मेळाव्याला मदत करणार असाल तर आधी एवढं बघून ठेवा

पहिलीला जाणाऱ्या मुलांसाठी जिल्हा परिषद शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा असतो, पहिला एप्रिलच्या आसपास आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. २०२२ पासून 'पहिले पाऊल' म्हणून हे राज्यभर चालू आहे. मी तीन वर्षं लीडर माता, म्हणजे शेजारच्या आयांच्या गटाची पुढारी म्हणून काम करतेय आणि दरवर्षी नवीन आया विचारतात की ताई आम्ही काय करायचं, काय आणायचं, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढलं.

आधी बाईंना नाहीतर सरांना भेटा, काहीही विकत आणायच्या आधी. शाळेत काय आहे, काय कमी आहे ते त्यांनाच माहीत असतं. मग अंगणवाडीताईंकडे जा, कारण ही मुलं त्यांच्याच हाताखालची, कोण ऊसतोडीवरून अजून परत आलं नाही, कुणाचे आईवडील वीटभट्टीवर आहेत, कुणाचं मूल आजीकडे ठेवलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. यादी हातात आली की आम्ही घरं वाटून घेतो, प्रत्येकीकडे पाच-सहा घरं, आणि प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगतो. ग्रुपवर मेसेज टाकला की काम झालं असं धरू नका, ज्या आईकडे स्वतःचा फोन नाही तिचंच मूल मग राहून जातं.

घरी गेलात की हमखास एक जण तरी म्हणते की आमच्याकडे जन्माचा दाखला नाही, मग कसं न्यायचं शाळेत? तिला ठामपणे सांगा की वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तसं स्पष्ट आहे. हे एवढं एक वाक्य पाठ करून जा, फार उपयोगी पडतं.

वेळ सकाळची घ्या, आठच्या आत सुरू आणि दहाला आवरलेलं. पहिल्या वर्षी आम्ही अकराला ठेवला होता, पत्र्याखाली, मुलं उन्हाने कोमेजली आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आया आल्याच नाहीत, त्यांनी एक दिवसाची मजुरी का बुडवायची? आता आदल्या दिवशी त्यांनाच विचारून वेळ ठरवतो.

टेबलं सात लागतात. नोंदणीचं एक, मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटचं पालकांना समजावून सांगायचं. सामान घरातलंच पुरतं. चिंचोके, छोटे खडे, तीन-चार प्रकारची पानं, मोठे मणी आणि दोरा, जुनी वर्तमानपत्रं घडी घालायला, एक चेंडू, उड्यांसाठी दोरी, जमिनीवर रेष मारायला खडू, चित्रं असलेली दोन पुस्तकं. मणी जरा मोठेच घ्या, बरोबर आलेली लहान भावंडं तोंडात घालतात. वाट्या-डबे जे आणाल त्यावर नाव घाला. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि बसायला सतरंजी कुणाकडे आहे ते आधी पक्कं करा. मुलांचे फोटो काढायचे असतील तर आईला विचारून, आणि स्टेटसला तर अजिबात लावू नका.

प्रत्येक टेबलाला दोघी तरी हव्यात, एक मुलाशी बोलायला आणि एक विकास पत्रावर, म्हणजे मुलाला कुठल्या टेबलावर काय जमलं ते नोंदवायच्या कार्डावर, खूण करायला. आपल्या स्वतःच्या मुलाच्या टेबलावर आपण बसायचं नाही हा आमचा नियम आहे, कारण आपण नकळत उत्तर सांगतो नाहीतर जास्त रागावतो.

आणि आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. ही परीक्षा नाही. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला कायद्यानेच मनाई आहे, आणि विकास पत्र फक्त जूनपर्यंत घरी काय खेळायचं ते कळावं म्हणून असतं. दुसऱ्या वर्षी आमच्या टेबलावर एक मुलगा कमी-जास्त ओळखताना अडकला आणि आमच्यातलीच एक जण मोठ्याने म्हणाली, अगं याला एवढं पण येत नाही? त्याच्या आईची मान खालीच गेली, ती पुढच्या टेबलावर न थांबता त्याला घेऊन निघून गेली. मी दोनदा तिच्या घरी गेले, माफी मागितली, तेव्हा कुठे ती माता गटात, म्हणजे शेजारच्या आया आठवड्याला जमतात त्या गटात, यायला लागली. जूनच्या मेळाव्यात त्याच मुलाने चिंचोक्यांचे दोन ढीग करून कुठला मोठा ते पटकन सांगितलं, घरी आई भाकऱ्या करताना त्याच्याकडून भाकऱ्या मोजून घ्यायची. तेव्हापासून मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या अर्धा तास बसतो आणि फक्त काय बोलायचं तेवढं ठरवतो. 'येत नाही' हा शब्दच काढायचा नाही, 'अजून खेळू या' म्हणायचं. मूल बोललं नाही तर बळजबरी करायची नाही, वाट बघायची, नाहीच बोललं तर चेंडू द्यायचा आणि पुढे जाऊ द्यायचं. घरात दुसरी भाषा बोलणारी मुलं असतील, आमच्याकडे पारधी आणि बंजारा वस्तीतली असतात, तर त्यांची बोली येणारी एक आई भाषेच्या टेबलावर बसवा, तेच मूल घडाघडा बोलायला लागतं.

मेळावा संपला की लगेच घरी पळू नका. माता गट त्याच दिवशी करून घ्या, जवळ राहणाऱ्या पाच-सहा जणी, आठवड्यातून एकदा कुणाच्या ओट्यावर जमायचं ते वार आणि वेळेसकट ठरवा. आयडिया कार्डं, म्हणजे घरी मुलाकडून काय करून घ्यायचं ते लिहिलेली कार्डं, वाचता न येणाऱ्या आया असतात, त्यांना वाचून दाखवणारी एक जण प्रत्येक गटात हवीच. ती सुट्टीत माहेरी जाणार असेल तर तिच्याऐवजी कोण, हेही तिथेच विचारून घ्या, आमचे दोन गट मे महिन्यात याच कारणाने बंद पडले होते. चिंचोके आणि मणी डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून बाईंच्या कपाटात ठेवा, जूनच्या मेळाव्याला तेच लागतात.