बस चालवून कंबर धरते? आधी सीट बघा

कंबर धरली की जो तो सांगतो पट्टा लाव, व्यायाम कर. मी दोन्ही केलं, चांगलं सहा महिने, आणि दुखणं होतं तिथंच. गडबड सीटमध्ये होती आणि तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, मी पण नाही.

गाडी रोज बदलते. आधीचा ड्रायव्हर सहा फुटी असतो नाहीतर बुटका, आणि आपण घाईत त्याच्याच सीटवर तसेच निघतो, एका ट्रिपने काय होतंय म्हणत. होतं. दोन मिनिटं लागतात, ती काढा.

मागच्या खिशातलं पाकीट काढा. बूड पार मागे टेकवा. उंची अशी ठेवा की मांडीखाली सीटची पुढची कड रुतणार नाही.

आता क्लच, मी इथेच वर्षानुवर्षं चुकलो. क्लच अर्धा दाबून सीट लावायचो, वाटायचं बरोबर आहे. पण चालवताना क्लच तळाला जातो ना, तेव्हा पाय कमी पडायचा आणि कमरेची डावी बाजू पुढे ओढली जायची, दर गियरला, दिवसभर. म्हणून क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा, गुडघा तेव्हाही थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खात्री करायची तर डावा हात कमरेमागे घाला आणि क्लच दाबा. हातावरचा दाब कमी झाला म्हणजे कंबर सुटतेय, सीट एक खाच पुढे घ्या, परत बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हेच ब्रेकवर करा.

पाठ काटकोनात ताठ ठेवायचा सल्ला सोडून द्या, १०० ते ११० अंश बरं पडतं. खांदे टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेला आरामात पोचलं पाहिजे.

सस्पेन्शनची सीट (खाली स्प्रिंग किंवा हवा असलेली, दणके झेलणारी) असेल तर वजनाचा नॉब स्वतःच्या वजनावर आणा. फार सैल ठेवला तर खड्ड्यात सीट तळाला आपटते आणि दणका थेट मणक्यात, फार कडक ठेवला तर सस्पेन्शन असून नसल्यासारखं. आरसे सगळ्यात शेवटी, नाहीतर आरशासाठी आपणच वाकत बसतो.

सीट मोडकी असेल तर रोज लेखी तक्रार टाका, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. तोवर कमरेमागे टॉवेलची गुंडाळी चालेल, पण बुडाखाली जाड उशी नको, त्याने उंची वाढते आणि क्लच परत लांब जातो.

उतरताना उडी नाही, तोंड गाडीकडे आणि दांडा धरून. उतरल्या उतरल्या जड काही उचलू नका, बसून बसून पाठ आंबलेली असते, आधी चार-पाच मिनिटं चाला.

कंडक्टर मंडळी, पाय फाकवून एक थोडा पुढे, गुडघे सैल. डोक्यावरच्या दांड्याला लोंबकळण्यापेक्षा उभा खांब छातीच्या उंचीवर धरा, खांदा वाचतो. बॅगेचा खांदा दर फेरीला बदला.

पायात मुंग्या उतरायला लागल्या किंवा पाऊल जड पडायला लागलं तर मालिश वगैरे बंद करून डॉक्टर गाठा. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर ड्युटी संपायची वाट बघू नका, तसंच हॉस्पिटलला जा.